खंबाटकीच्या खालचा गडी

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा आकडा काही केल्या ठरेना.

सत्तावीस हजार चारशे वीस... चारशे चाळीस... परत चारशे दहा. संयोगितानं आधी स्क्रीनला टिचकी मारली, मग वायर हलवून बघितली. आकडा आपला नाचतोच आहे. तेवढ्यात टेबलावरच्या चहाच्या कपाकडं तिचं लक्ष गेलं. कपातला चहासुद्धा थरथरत होता... धम्, धम्, धम्.

तिनं माइक ओढला. "ओ ट्रॅक्टरवाले, टेप बंद करा. तुमच्या टेपनं काटा हलायला लागलाय."

ढिम्म हालचाल नाही. उलट टेपवरचा गडी जास्तच चेवानं बोलायला लागला. गात नव्हता तो, बोलतच होता, बांधावरच्या भांडणात बोलावं तसं धडाधड, आणि तरी तालात:

*खंबाटकी उतारलास, आता काच खाली घे,*
*आमच्या मातीचा वास जरा नाकात जाऊ दे!*
*तुझा माईक म्हाग असंल, माझा आवाज फुकट हाय,*
*चिखलात रुतला तरी गड्या, ट्रॅक्टर सरळ जाय!*

संयोगिता केबिनमधून बाहेर आली. डिसेंबरची सकाळ. कृष्णेवरचं धुकं अजून यार्डातच रेंगाळत होतं आणि मळीचा आंबूस-गोड वास त्या धुक्यालाच चिकटून बसला होता. काट्यावर लाल ट्रॅक्टर, मागं उसानं खचाखच भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि सीटच्या मागं कपाटाएवढे दोन स्पीकर. सीटवरचा तरुण डोळे मिटून स्टेअरिंगवर बोटं वाजवत बसला होता.

तिनं हातातल्या पेनानं मडगार्डवर टकटक केलं. त्यानं डोळे उघडले, आणि वर्गात डबा खाताना सापडलेल्या पोरासारखा दचकून टेप बंद केला. एकदम एवढी शांतता झाली की चिमणीवरून उडालेल्या पारव्यांचे पंखसुद्धा ऐकू आले.

"तुमच्या टेपनं माझा काटा हलतोय," ती म्हणाली.

"खरंच?" त्याचा चेहरा असा उजळला, जणू हिनं त्याला बक्षीस जाहीर केलं. "किती किलोनं हालला, मॅडम?"

"तीस."

"तीस किलो!... अश्फाकला सांगाय पायजे."

"हे अश्फाक कोण?"

"स्पीकरचं बॉक्स बनवतोय. इस्लामपुरात दुकान हाय त्येचं. गाण्याचं म्युझिक बी त्येचंच." तो खाली उतरला, अंगानं शेलाटा, कानाच्या पाळीवर उसाचं पाचट अडकलेलं. आता आकडा शहाण्यासारखा स्थिर उभा होता. तिनं पावती काढून खिडकीतून सरकवली. त्यानं ती धरली, पण ओढून घेतली नाही.

"गाणं... कसं वाटलं?"

संयोगितानं क्षणभर विचार केला. कुणी विचारलं की खोटं बोलता यायचं नाही, ही तिची जुनी खोड होती. "बेस झकास आहे. भाषा आपली आहे, ते तर लय आवडलं. पण गाणारा घाबरलाय."

"घाबरलाय?"

"प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज आत ओढून घेतोय. घरातलं कुणी ऐकेल की काय, अशी धास्ती असल्यागत."

त्यानं पावती खिशात घातली आणि गाडी पुढं घेतली. तो गेल्यावर संयोगिताला जाणवलं, या गड्यानं पावतीवरचं वजन बघितलंच नाही. वजन न बघता पावती खिशात घालणारा ट्रॅक्टरवाला तिनं त्या दिवसापर्यंत पाहिला नव्हता.

*

काट्यावर बसण्याचं तिचं हे दुसरं वर्ष. सकाळी आठ ते दुपारी चार, शेजारच्या टेबलावर अंकिता, आणि समोरून दिवसभर ट्रॅक्टर. प्रत्येकाच्या टेपवर काहीतरी वाजत असायचंच. लावण्या, भक्तिगीतं, हळदीची गाणी... पण यंदा हळूहळू सगळ्या टेपांवर एकच गडी बोलायला लागला होता. अल्बमचं नाव 'खंबाटकीच्या खाली', आणि गाणाऱ्याचं नाव रानबोका. पेन ड्राइव्हवरून पेन ड्राइव्हवर तो असा पसरला होता, की त्याला कुणी बघितलेलं नाही पण ऐकलंय मात्र सगळ्यांनी. नेटवर तो संक्रांतीच्या सुमारास आला. त्याच्या आधीच वाळवा तालुक्यातली निम्मी पोरं त्याच्या ओळी पाठ म्हणत होती.

सगळेच काही खूश नव्हते. अंकिताचे मामा मास्तर होते. पोरं निबंधात 'आहे'च्या जागी 'हाय' लिहितात म्हणून ते रानबोक्यावर दात खाऊन होते. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, ह्या मेल्याच्या आवाजानं मांडणीवरली भांडी खाली येतात. आणि पुण्याच्या एका व्हिडिओवाल्यानं तर अल्बमला दहापैकी तीन गुण देऊन टाकले. "खंबाटकी घाटाच्या खाली अजून हिप-हॉप पोचलेला नाही. भाषेवर काम करायला हवं."

तो लाल ट्रॅक्टरवाला, त्याचं नाव शिवतेज, त्या दिवशी तोंड पाडून आला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"ते पुण्याचं बघितलंसा का? तीन मार्क."

"मग? तुमच्या काय पोटात दुखतंय? गाणं तुमचं आहे का?"

"न्हाई... माझं कुठलं." तो उगीचच पावतीची घडी घालत राहिला. "असंच आपलं."

"त्याला म्हणावं, तीन किलो असू दे नाहीतर तीस, काटा आमच्याकडं आहे," ती म्हणाली, आणि तो असा हसला... की मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवेपर्यंत दोघांनाही गाडी पुढं घ्यायची असते याचा विसर पडला.

दिवसाआड तो यायचा. पंधरा तास रांगेत काढायचा आणि खिडकीशी फक्त दोन मिनिटं थांबायचा. पण त्या दोन मिनिटांत काय काय मावायचं! चौथं गाणं लांबलंय. सहाव्यात पोरीचं वर्णन आहे, पण असली पोरगी ह्या गड्यानं बघितलेली नाही, टीव्हीतली उचललीय. सातव्यातली हलगी मात्र अशी, की हातातलं पेन आपोआप टेबलावर वाजतं. ती बोलायची, तो मान खाली घालून ऐकायचा. कधी तिचं लक्ष नाही असं पाहून तिच्याकडं बघायचा, आणि तिचं लक्ष नेमकं तेव्हाच असायचं.

"तो लाल ट्रॅक्टर आला," अंकिता डोळे मिचकावून म्हणायची, "तुझा आवाज माइकवर आपोआप गोड होतो गं."

"गप बस," संयोगिता म्हणायची, आणि कपाळावरची बट कानामागं सारायची.

जानेवारीच्या शेवटी एके दिवशी आत कसलीशी मशिनरी बंद पडली आणि रांग तीन तास जागच्या जागी थांबली. त्याचा ट्रॅक्टर अगदी तिच्या खिडकीलगत उभा होता. बाहेर अवकाळी पावसाची भुरभुर लागली होती. शिवतेजनं ट्रॉलीतला एक ऊस ओढला, गुडघ्यावर मोडला, सोलून कांडी करून खिडकीतून तिला दिली. दोघं ऊस खात बसले. बोलता बोलता त्यानं विचारलं, "घरी कोण कोण असतंय?"

"आई आणि बाबा. बाबा फौजेत होते. सुभेदार म्हणून रिटायर झाले." ती थांबली. कांडीचा चोथा हातात धरून म्हणाली, "एक सांगू? कुणाला सांगितलेलं नाही मी."

"सांगा की."

"मी लहान होते. बाबा दीड वर्षानं रजेवर आले. दार मीच उघडलं. आणि त्यांना म्हणाले... 'काका, बाबा घरी नाहीत. ते फौजेत आहेत.'"

पावसाची भुरभुर ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पडत होती.

"बाबा हसले म्हणे. आईनंच सांगितलं मला नंतर. पण हसून झाल्यावर ते मागच्या विहिरीवर जाऊन बसले, आणि अंधार पडेपर्यंत घरात आले नाहीत. आजवर आमच्या घरात त्या दिवसाचं नाव कुणी काढत नाही."

शिवतेजच्या हातातला ऊस तसाच राहिला होता. रांग हलली, तेव्हा गाडी पुढं घेताना त्यानं एकदा वळून बघितलं, एवढंच. पण ते बघणं संयोगितानं त्या दिवशी घरापर्यंत सोबत नेलं.

*

फेब्रुवारीच्या मध्यावर एक हिरवा ट्रॅक्टर काट्यावर आला. टेपवर रानबोकाच होता, पण गाणं नवीन. बेस अगदी दबका, जत्रेतला ढोल लांबून ऐकू यावा तसा.

*अठ्ठावीस दिसांची रजा घेऊन बापू आला दारी,*
*चार वर्सांची लेक म्हणती, 'काका, बाबा न्हाईत घरी...'*

संयोगिताच्या हातातली पावती हातातच राहिली.

ही गोष्ट तिनं उभ्या जन्मात एकाच माणसाला सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी लाल ट्रॅक्टर आला. तिनं वजन घेतलं, पावती काढली, खिडकीतून सरकवली आणि हळूच म्हणाली, "घ्या, रानबोका."

शिवतेजचा चेहरा पांढराफटक पडला. "मी... मी सांगणार व्हतो तुमाला—"

"कवा? बाबांनी ऐकल्यावर?" तिचा आवाज कापला, आणि तो कापला म्हणून तिला आणखी राग आला. "अडीच महिने मी तुमच्या तोंडावर तुमच्याच गाण्याच्या चुका काढत राहिले. तुमी मजा बघत राहिला. ते एक वेळ सोडा. पण ते माझ्या घरातलं होतं, शिवतेज. आमच्या घरात आमीसुद्धा ज्याचं नाव काढत नाही, ते तुमी दोनशे ट्रॅक्टरांवर वाजवताय."

तो कारणं सांगेल, बाजू मांडेल असं तिला वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, "चुकलं माझं. विचाराय पायजे व्हतं."

"पुढं घ्या," ती म्हणाली.

त्यानंतर लाल ट्रॅक्टर येत राहिला, पण सीटवर दुसराच माणूस. चाळिशीचा, मिशाळ, तोंडात तंबाखूची गोळी. दोन खेपा तो गप्प राहिला. तिसऱ्या खेपेला खिडकीशी आला.

"ताई, मी पप्पू. ह्यो ट्रॅक्टर चार वर्सं मीच चालवतोय. औंदा मालकांच्या पोरानं मला दिसाआड घरी बसवलं. म्हणायचा, पप्पूदा, तू झोप, मी जातो काट्यावर. मी म्हणलं, रांगेत पंधरा तास बसायची हौस कुणाला असती? आता कळलं." त्यानं अंकिताकडं आणि मग परत हिच्याकडं बघितलं. "तुमी त्येच्यावर रागावलासा आन् माझी झोप गेली बघा."

अंकितानं तोंडावर ओढणी धरली. संयोगिताला हसू आवरावं लागलं. "ते काय करतात आता?"

"काय करतोय! यार्डात, वाटंवर, जिथं ट्रॅक्टर दिसंल तिथं जातोय. म्हणतोय, ते रजेचं गाणं तेवढं काढून टाका. लोक काढंनात. परवा एका बाबानं हाकलला त्येला. म्हणला, माझं पोरगं तिकडं बर्फात हाय, घरात बायकू रोज त्येच लावून बसती, मी का म्हून काढू? चल पळ." पप्पूनं गोळी एका गालातनं दुसऱ्या गालात सारली. "नेटवरनं तर त्येनंच काढलं. अश्फाक लय भांडला. कारण त्याच दिवशी त्या पुण्याच्या गड्यानं नवा व्हिडिओ टाकला व्हता. म्हणला, मी तीन मार्क दिलं ते चुकलं, हे एक गाणं ऐका. आन् लोक ऐकाय गेलं, तर गाणंच न्हाई!"

पप्पू गेला. संयोगितानं पुढच्या गाडीचं वजन दोनदा घेतलं, आणि दोन्ही वेळा काय आलं ते तिच्या लक्षात राहिलं नाही.

*

रविवारी सकाळी मानसिंग सुभेदार अंगणात सायकलच्या चेनला तेल देत बसले होते, तेव्हा दारात एक मोटारसायकल थांबली. उतरलेल्या पोराच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि चेहऱ्यावर इस्त्री न झालेली भीती.

"कोण पायजे?"

"आवं, तुमीच." शिवतेजनं वाकून नमस्कार केला. संयोगिता आवाज ऐकून दारात आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. "माझं नाव शिवतेज. मी गाणी करतो. रानबोका म्हणत्यात मला. तुमच्या घरातली एक गोष्ट मी न विचारता गाण्यात घातली. त्येची माफी मागाय आलोय."

सुभेदारांनी तेलाचा हात फडक्याला पुसला. सावकाश, एकेक बोट. "कुठली गोष्ट?"

"बाबा—" संयोगिता पुढं झाली.

"तू थांब. त्येला सांगू दे." त्यांनी समोरच्या बाजेकडं बोट केलं. "म्हण ते गाणं."

"आत्ता?... म्युझिकबिगर?"

"मग काय बँडवाला बोलवू? म्हण."

शिवतेज बसला नाही. उभ्यानंच, हात दोन्ही बाजूंना सोडून त्यानं सुरुवात केली. रजा घेऊन आलेला बापू, दारातली लेक, तिचं ते 'काका' म्हणणं, मग विहिरीच्या कठड्यावर बसलेला माणूस आणि आतून चहा झाला म्हणून हाक मारणारी बायको, तिला ओ न देणारा तो... शेवटची ओळ संपली तेव्हा स्वयंपाकघरातलं लाटण्याचं खुडबुडणं थांबलेलं होतं. संयोगिता जमिनीकडं बघत होती. बाबांच्या चेहऱ्याकडं बघायचं धाडस तिला होईना.

"चूक हाय," सुभेदार म्हणाले.

शिवतेजनं मान खाली घातली. "व्हय."

"अठ्ठावीस न्हाईत ती." सुभेदारांचा आवाज नेहमीसारखाच खडा होता. "येताना दोन दिस गाडीत, जाताना दोन. चार दिस रेल्वेतच जात्यात गड्या. हातात चोवीसच उरत्यात. चोवीस म्हण."

त्यांनी हातातलं फडकं सायकलच्या सीटवर टाकलं.

"आन् ती चार वर्सांची नव्हती. सव्वातीन वर्सांची व्हती." त्यांनी पहिल्यांदाच दाराकडं, लेकीकडं बघितलं. "पिवळं झबलं घातलं व्हतं, हातात भाकरीचा तुकडा. मला समदं ध्यानात हाय."

संयोगिताचे डोळे भरून आले. तिनं ओठ दाताखाली धरला.

"ह्ये गाणं म्या ऐकलंय," सुभेदार पुढं म्हणाले. "डेअरीत दूध घालाय जातो तितं रोज वाजतंय. पयल्यांदा ऐकलं तवा किटली घेऊन तसाच हुभा राहिलो. वाटलं, आपल्यागत आणखी कुणाच्या तरी घरी ह्येच झालेलं दिसतंय. वीस वर्सं मला वाटत व्हतं, ह्ये जगात माझ्या एकट्याच्याच वाट्याला आलं. लय बरं वाटलं." ते थांबले, आणि मग त्यांच्या मिशा हलल्या. ते हसत होते. "आता कळतंय, ते माझंच व्हतं!"

आतून आईच्या हसण्याचा आणि हुंदक्याचा मिळून एक आवाज आला.

"काढून टाकलंय मी ते गाणं," शिवतेज चाचरत म्हणाला. "नेटवरनं."

"कुणी सांगितलं काढाय? लाव परत. चोवीस करून लाव." आणि सुभेदार परत सायकलकडं वळले, कारण त्यांना डोळे पुसायचे होते आणि फडकं तिकडं होतं.

*

मोटारसायकल कालव्याच्या कडेला, बाभळीखाली लावलेली होती. संयोगिता तिथवर सोडायला आली. दोघांच्या मधून एक म्हैस चालू शकली असती एवढं अंतर ठेवून दोघं चालत होते.

"का घेतलीत ती गोष्ट?" तिनं विचारलं. रागानं नाही, तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

शिवतेजनं गाडीचा आरसा उगीचच इकडंतिकडं वळवला. "तुमी सांगितलंत त्या दिवसापास्नं दुसरं काय सुचंनाच. लिहाय बसलो की... तुमी शेजारी बसल्यागत वाटायचं. म्हणून लिहीत गेलो. लिहून झालं, तर ते गाणंच झालं."

"मग विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तुमाला कळलं असतं, की गाणारा मी हाय. आन् ते कळलं असतं, तर हे बी कळलं असतं की मी..."

"की तू काय?"

तो थांबला. वाऱ्यानं कालव्याच्या पाण्यावर बारीक सुरकुत्या पडत होत्या.

"मला 'तू' म्हणालीस?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"म्हणाले." तिचे कान तापले होते, पण खोटं बोलता यायचं नाही ते यायचंच नाही. "मला तू आवडतोस, शिवतेज. रांगेत पंधरा तास बसणारा आवडतोस, आणि आज बाबांच्या पुढं उभा राहिलेला त्याच्यापेक्षा जास्त आवडतोस. परत कधी मला न विचारता माझं काही घेतलंस, तर मात्र बघ. झालं माझं सांगून. आता तू बोल."

दोनशे ट्रॅक्टरांवर न थांबता बोलणारा तो गडी तोंड उघडून उभा राहिला. त्यानं मान हलवली, होकाराची, मग परत एकदा, न जाणो पहिली तिला दिसली नसेल म्हणून. हात पुढं केला, अर्ध्यात थांबवला. उरलेलं अर्धं अंतर तिच्या हातानं पार केलं. त्याचा तळवा खरबरीत होता, आणि घामानं ओला.

"संयूऽऽ!" घराकडून बाबांची परेडवरची हाक आली. "त्या पोराला जेवाय थांबव! आन् अजून दोन चुका हायत म्हणावं त्या गाण्यात!"

दोघंही हात सोडायचं विसरून हसत सुटले.

"मला... मला इस्लामपूरला जायाचं व्हतं," शिवतेज म्हणाला. "अश्फाक वाट बघतोय."

संयोगितानं हात लांबवून मोटारसायकलची किल्ली काढली, मुठीत धरली आणि काही न बोलता घराकडं चालायला लागली. मागं वळून तिनं बघितलं नाही. मागून चपलांचा आवाज येतोय का, तेवढंच ती ऐकत होती... आणि तो येत होता, आधी मागून, मग अगदी शेजारून.